दोन घरांचं विरजण

मंगळवार, ४ मार्च

आज धाकट्या जावेच्या डोक्यात झारा घातला. रक्त आलं. बरं वाटलं!

लिहूनच टाकते, नाहीतर उद्यापर्यंत गल्ली त्याची काय काय कथा करेल सांगता येत नाही. मी तिच्या दुकानात गेले नव्हते, ती माझ्या दुकानात आली होती. सकाळी सकाळी तिने नवी पाटी लावली — 'जिवंत दही! पोटाचा पहारेकरी!' अक्षरं एवढी मोठी की मला चुलीजवळ बसल्या बसल्या वाचता यावीत. माझ्या दुकानाच्या बरोब्बर समोर! दुकान वेगळं काढलं, गवळी वेगळा केला, गिऱ्हाईक वेगळं केलं, आता पाटी लावून माझ्या डोळ्यांत खुपसायची. मी गल्ल्यावरूनच ओरडले, 'मग आमचं काय मेलेलं दही आहे का गं?' तर तरातरा रस्ता ओलांडून आली आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, 'ताई, तुझ्या हातचं खाऊनच दादांच्या पोटाला भोक पडलं!'

माझ्या हातात तेव्हा झारा होता. चमचा असता तर चमचा घातला असता.

भाऊजी धावत आले, तिच्या डोक्यावर फडकं दाबलं आणि तिला घेऊन गेले. जाताना वळून म्हणतात, 'वहिनी, हे बरं नाही केलंत.' बायकोचं डोकं फुटलंय आणि तरी माणूस मला अहोजाहो करतोय. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

तिचे दादा, म्हणजे हे, बाजूलाच उभे होते, दुधावरची साय सारत. एक शब्द बोलले नाहीत. कधी बोलतात?

बुधवार, ५ मार्च

तिला टाके पडले म्हणे. पोलीस काही आले नाहीत. म्हणजे चूक कुणाची ते तिलाही ठाऊक आहे.

गुरुवार, ६ मार्च

ह्यांना घेऊन डॉक्टरकडे गेले. गेल्या आठवड्यात पोटात नळी घालून बघितलं होतं, त्याचं काय ते आज कळलं. पोटात जखम आहे. अल्सर. एक तर कुठलासा जंतू तिथे ठाण मांडून बसलाय, आणि दुसरं म्हणजे दुखण्याच्या गोळ्या. डॉक्टर ह्यांच्यावर उखडलाच. 'वर्षभर रोज ह्या गोळ्या खाताय? कशासाठी?'

'खांदा दुखतो,' हे म्हणाले.

'खांद्याला काय झालं?'

'पडलो होतो.'

पडले कुठे! मी स्टूल फेकलं होतं. ह्यांच्यावर नाही, भिंतीवर. मध्ये हे आले. पण डॉक्टरसमोर कोण कशाला बोलतंय, मीही गप्प बसले.

डॉक्टरने जंतू मारायच्या जहाल गोळ्या लिहून दिल्या. म्हणाला, 'ह्या गोळ्या आपला-परका बघत नाहीत. वाईट जंतूंबरोबर पोटातले चांगलेही मारतात. म्हणून रोज ताजं दही खा, ताक प्या. दही म्हणजे औषध नव्हे, पण पोटाला आधार होतो.' मला हसूच फुटलं. दहीवाल्याला दही खायला सांगतोय! त्याला म्हटलं, 'डॉक्टर, आमच्या मडक्यातले जंतू तुमच्या बापापेक्षा म्हातारे आहेत.' तो हसला नाही.

खरंच आहेत. सासूबाईंनी लग्नात माहेरून आणलेलं विरजण. चाळीस वर्षं रोज कालच्यातलं आज, आजच्यातलं उद्या. त्यांची एक रीत होती. विरजण एकाच घरात कधी ठेवायच्या नाहीत. आम्ही दोघी सुना आलो तशी दोघींना एकेक मडकं दिलं, आणि दर शनिवारी चमचा बदलायचा — माझ्यातला चमचाभर तिच्यात, तिच्यातला माझ्यात. 'एकीचं मेलं तर दुसरीचं असावं,' म्हणायच्या. आणि कुणी वाटी घेऊन दारात आलं तर विरजणाला नाही म्हणायचं नाही, शत्रू असला तरी. त्या गेल्या, दुकानं वेगळी झाली आणि शनिवार बंद पडला. फुकट वाटणं तर मी त्याआधीच बंद केलं होतं. धंदा करतोय की अन्नछत्र?

रविवार, ९ मार्च

दही लागलं नाही.

एकही पातेलं नाही! सकाळी झाकण काढलं तर दूध जसंच्या तसं, हलवलं की डुचमळतंय. दुसरं काढलं, तेही तसंच. विरजणाचं मडकं — ते पण! शनिवारी संध्याकाळी त्याच दुधाने लावलं होतं. दुपारी वास मारायला लागलं. गिऱ्हाइकं समोर गेली. सगळी! मी बघत होते आणि धाकटी डोक्याला पट्टी बांधून दही तोलत होती.

सोमवार, १० मार्च

मडक्याच्या कडेला चिकटलेलं खरवडून पुन्हा लावलं. पुन्हा पाणी. मेलं! चाळीस वर्षांचं विरजण माझ्या घरात मेलं.

धाकटीच. दुसरं कोण? मागच्या दाराची जुनी किल्ली अजून भाऊजींकडे आहे. शनिवारी आम्ही दोघं दवाखान्यात तपासणीला गेलो होतो, दुकान बंद होतं. घुसली असणार आणि मडक्यात कढत पाणी ओतलं असणार. टाक्यांचा सूड! डोक्यात मारलं असतं तर मी समजले असते. मडक्यावर जाते?

हे म्हणाले, 'मला वाटतं दूध—'

'काय दूध?'

'काही नाही.'

'बोला ना! तिची बाजू घ्यायची असेल तर सरळ घ्या!' म्हणून पातेलं भिरकावलं. दाराला लागलं. पातेल्याला पोचा पडला. हे पोट धरून आत जाऊन निजले.

मंगळवार, ११ मार्च

केलं. फिटंफाट केली.

सकाळी मोठी किटली भरून पाणी उकळलं. दोन्ही हातांनी उचलून रस्ता ओलांडला. कुणी अडवलं नाही. हातात उकळतं पाणी असलं की माणसं वाट देतात. तिच्या दुकानात ओळीने मांडलेली पातेली होती, एकेकात ओतत गेले. दही फाटून वर आलं. गिऱ्हाइकं ओरडत पळाली. भाऊजी म्हणत होते, 'वहिनी! वहिनी! अहो काय करताय!' मी म्हटलं, 'तुमच्या बायकोला विचारा काय करतेय!'

मग मागे फळीवर तिचं मडकं दिसलं. सासूबाईंचं. ती धावली आणि मडक्याला मिठीच मारली. दोन्ही हातांनी. मी मडक्यात ओतत होते. तिने हात मध्ये घातले.

किंचाळली तेव्हा मला वाटलं मडकं फुटलं. मग खरंच फुटलं.

बुधवार, १२ मार्च

पोलीस आले होते. दवाखान्यात धाकटीने त्यांना सांगितलं, किटली निसटली, अपघात झाला. कुणी सांगितलं होतं तिला? मला तिचे उपकार नकोत!

शुक्रवार, १४ मार्च

दुकान बंद. समोरचंही बंद. गल्लीतून जाताना लोक मधून चालतात, माझ्या दाराकडून कुणी जात नाही. ती पाटी मात्र तिथेच आहे. जिवंत दही! आता दोन्ही घरांत जिवंत काही नाही. झाली ना बरोबरी?

ह्यांच्या गोळ्या चालू आहेत. तोंडाला चव नाही, पोट बिघडलंय, खाल्लेलं ठरत नाही. दही द्यायला हवं होतं. कुठलं देऊ?

सोमवार, १७ मार्च

भाऊजी आले. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. आठ दिवसांत माणूस निम्मा झालाय.

धाकटीचे हात चिघळलेत. ताप उतरत नाही. म्हणून सलाईनमधून जहाल औषधं चालू आहेत, तेच — जंतू मारायची. जखमेचं काय व्हायचं ते होईल, पण पोट साफ ढासळलंय. पाणी प्यायली तरी पाच मिनिटांत बाहेर. अंगात काही उरलेलं नाही, उठून बसता येत नाही. डॉक्टर म्हणाले, अंगात ताकद आली नाही तर जखम भरणार कशी, आणि असंच चाललं तर धोका आहे. थोडं ताजं दही सोसतंय का बघा, असंही म्हणाले. भाऊजींनी बाजारचं आणलं. एक चमचा घेतला आणि उलटून पडलं.

'ती आईच्या मडक्यातलं मागते,' भाऊजी म्हणाले. 'आमचं तर... ते राहू द्या. वहिनी, तुमच्याकडचं थोडं द्याल? वाटीभर. मी परत काही मागणार नाही.'

मी म्हटलं, 'भाऊजी, आमचं मेलंय. तुम्हाला ठाऊक नाही?'

'कधी?'

तोंड असं पडलं की नाटक असेल तर ह्या माणसाने दुकान सोडून रंगभूमीवर जावं. खाली पायरीवरच बसले. म्हणाले, 'मग आईचं संपलं,' आणि माझ्यासमोर रडायला लागले. मोठा माणूस, पायरीवर बसून, नाक पुसत.

मी दार लावून घेतलं. भाऊजींना खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून येत नाही, सासूबाईच सांगायच्या. मग धाकटीने त्यांना न सांगता केलं? टाके पडलेलं डोकं घेऊन, एकटी, शनिवारी?

की केलंच नाही?

मंगळवार, १८ मार्च

वाटी घेऊन निघाले. सासूबाईंनी आयुष्यभर विरजण वाटलं, कुणाकडे तरी असेलच! शिंप्याच्या बायकोने खिडकीतूनच हात हलवला — केव्हाच संपलं, आता पिशवीचं आणतो. घड्याळवाल्याच्या आईने दारच उघडलं नाही. आतून आवाज आला, 'तिच्या हातात काय आहे बघ आधी!' वाटी होती गं बाई, वाटी! सोनाराकडे, पाववाल्याकडे, औषधाच्या दुकानात, सगळीकडे नन्नाचा पाढा. ज्यांना खरंच नव्हतं त्यांनी सांगितलं, ज्यांना द्यायचं नव्हतं त्यांनीही तेच सांगितलं. तोंडावर दार आपटून घ्यायची मला सवय नाही. मी आपटणारी आहे.

शेवटी इस्त्रीवाली. गेल्या वर्षी अशीच वाटी घेऊन माझ्या दारात आली होती, तिला मी 'दुकानात विकत मिळतं' म्हणून परत पाठवलं होतं. तिने इस्त्री खाली ठेवली नाही. निखाऱ्यांची धग माझ्या तोंडावर येत होती.

'आहे,' म्हणाली. 'तू परत पाठवलंस तेव्हा तुझ्या सासूनेच मागून आणून दिलेलं. मी एक दिवस खाडा केलेला नाही.'

'दे ना मग.'

'तुला द्यावंसं वाटत नाही मला. त्या पोरीचे हात मी बघून आले.' मग इस्त्री ठेवली, आत गेली आणि वाटीत चार चमचे घालून आणलं. 'तुझ्या सासूने शत्रूलाही नाही म्हणू नको सांगितलं होतं म्हणून देते. घे, आणि नीघ.'

वाटीत वाकून वास घेतला. तोच! डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. रस्त्याच्या मधोमध उभी राहून वाटीचा वास घेत होते. बघणाऱ्यांनी बघितलं.

संध्याकाळी गवळ्याचं दूध तापवलं, कोमट केलं. तेवढ्यात हे बाहेरून आले, हातात दुधाची पिशवी. दुकानातली! आमच्या घरात, जिथे चाळीस वर्षांत पिशवीचं दूध आलं नाही!

'ह्याने लाव,' म्हणाले.

'वेड लागलंय? गवळ्याचं घट्ट दूध असताना हे पाणी?'

'लाव म्हणतो ना.'

ह्यांच्या तोंडून 'म्हणतो ना' मी कधी ऐकलं नव्हतं. तरी ऐकलं नाही. गवळ्याच्याच दुधाला लावलं. ह्यांनी माझ्यासमोर वाटीतलं एक चमचा विरजण उचललं, स्वतः छोट्या भांड्यात पिशवीचं दूध कोमट करून त्याला लावलं आणि उशाशी घेऊन झोपले. हसावं की रडावं!

बुधवार, १९ मार्च

माझं पातेलं पाणी. ह्यांचं भांडं लागलंय.

कवडीसारखं घट्ट! चमचा उभा राहील असं! विरजण तेच, झाकण तेच, घर तेच. दूध तेवढं वेगळं.

मी विचार करायला थांबले नाही. भांडं फडक्यात बांधलं आणि दवाखान्यात पळाले. धाकटी खाटेवर होती, हात कोपरापर्यंत गुंडाळलेले, गाल आत गेलेले. डोक्यावर माझे टाके. मला बघून भाऊजी मध्ये आले. तीच म्हणाली, 'येऊ द्या.'

भांडं उघडलं. तिने लांबूनच वास घेतला. 'आईंचं?'

'हो.'

'आधी तू खा.'

'काय?'

'आधी तू खा. मी बघते.' आवाज एवढासा, पण डोळे माझ्या डोळ्यांत.

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर भांडं त्याच्या डोक्यात उपडं केलं असतं. चमचा घेतला, खाल्लं. गिळून दाखवलं. तोंड उघडूनसुद्धा दाखवलं, पोरासारखं. मग त्याच चमच्याने तिला भरवलं, कारण तिला हातच नव्हते धरायला. एक चमचा. दुसरा चमचा. तिसरा.

राहिलं पोटात.

'धाकटे,' मी म्हटलं, 'माझं मडकं तू मारलंस?'

'ताई,' ती म्हणाली, 'आईंचं मडकं मी मारेन?' आणि डोळे मिटून घेतले.

गुरुवार, २० मार्च

गवळ्याच्या गोठ्यावर गेले. झारा घेऊन. म्हटलं, ह्याला आज सोडत नाही.

'दुधात काय घालतोस रे?'

तो शेण काढत होता. माझ्या हाताकडे बघून मागे सरकला. 'वहिनी, घालत काही नाही. गाईंच्या कासेला सूज आलीय. एकीचं बरं होतंय तोवर दुसरीला. डॉक्टर इंजेक्शनं देतोय. ते औषध दुधात उतरतं, जंतू मारतं, दही कसं लागेल?'

'आणि हे तू मला आत्ता सांगतोस?'

'मी पहिल्याच दिवशी सांगितलं! दादांना. म्हटलं हे दूध ओतून द्या, आज कमी घ्या. तर दादा म्हणाले, घाल. कमी दूध आलं तर घरात काय होईल तुला माहीत नाही, म्हणाले. हात जोडले हो त्यांनी. वहिनींना सांगू नको म्हणाले.'

आपला-परका बघत नाही, असं तो डॉक्टर मला तोंडावर सांगत होता. मी हसले होते.

घरी आले. हे ताटावर बसले होते, मऊ भात कालवून. मी दारातून म्हटलं, 'तुम्हाला माहीत होतं.' एवढंच. आवाजही चढवला नव्हता. पण झारा हातातच राहिला होता, माझ्या लक्षातही नव्हतं.

ह्यांचा हात वर गेला. डोक्यावर. खांदा दुखतो तोच हात, पुरता वर जात नाही, तरी नेला. आणि डोळे घट्ट मिटले. घास तोंडातच. न बघता, न विचारता. किती सवयीचं असावं ते!

मी झारा खाली टाकला तर त्या आवाजाने दचकले.

मग तसेच डोळे मिटून बोलले. 'त्या सोमवारी सांगत होतो तुला. पातेलं आलं. मंगळवारी किटली उचललीस तेव्हा मागून येत होतो. पाय उचलेनात माझे. नंतर तर सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.' घास गिळून म्हणाले, 'तिचे हात मी भाजले. तुला घाबरून.'

मी म्हटलं, 'मी भाजले.' त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. हात अजून डोक्यावरच होता.

सोमवार, २४ मार्च

धाकटीचा ताप उतरला. रोज वाटीभर खाते आहे. भाऊजी नेतात, मी दारात भांडं ठेवते.

गुरुवार, २७ मार्च

हे समोर भाऊजींकडे राहायला गेले. भांडण नाही, आदळआपट नाही. दोन सदरे घेतले, गोळ्यांचा डबा घेतला. विरजण निम्मं केलं. नवीन मडक्यात निम्मं घेतलं, निम्मं माझ्यासाठी फळीवर ठेवलं. दारात वळून म्हणाले, 'शनिवारी चमचा बदलायला मी येईन. तेवढा वेळ झारा आत ठेवशील?'